कानबान बिन किती ठेवायचे?

कानबान म्हणजे बिन (मालाचा डबा) रिकामा झाला, की त्याचं कार्ड पुरवठादाराकडे पाठवून तेवढाच माल मागवायची पद्धत; प्रत्येक बिनला एक कार्ड. समजा, चाकणच्या असेंब्ली लाइनवर एक ब्रॅकेट रोज १,२०० नग लागतो, पुरवठादार वाळूजला आहे आणि एका बिनमध्ये २४० नग मावतात. रोजचा खप गुणिले लीड टाइम (माल भरून यायला लागणारा वेळ), त्यावर सेफ्टी स्टॉक (अडचणीसाठीचा जादा साठा), भागिले बिनमधले नग, हा हिशोब. लीड टाइम २ दिवस आणि सेफ्टी २० टक्के धरली, तर १,२०० × २ × १.२ ÷ २४० = १२ बिन.

गणित सोपं आहे; चूक होते ती लीड टाइम मोजताना. बहुतेक जण फक्त ट्रकचा प्रवास धरतात. बिन रिकामा झाल्यापासून भरलेला बिन लाइनवर परत येईपर्यंतचा सगळा वेळ मोजा: कार्ड उचलेपर्यंतची वाट, पुरवठादाराकडचं पॅकिंग, गेट एंट्री, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद), क्यूसी (गुणवत्ता तपासणी). माल आवारात असूनही जीआरएनअभावी लाइन थांबते, आणि हे टाळता येण्यासारखं असतं. महिनाभराच्या नोंदी काढा. सरासरीवर विसंबू नका, उशिरा आलेल्या खेपाही बघा.

दर आठवड्याला कार्डं मोजा. बिनवरची, रिकाम्या बिनची कार्डं टाकायच्या पेटीतली आणि पुरवठादाराकडची मिळून १२ भरलीच पाहिजेत. एक कार्ड हरवलं, की २४० नगांची ऑर्डर गुपचूप गळते. अर्धवट भरलेला बिन स्वीकारूच नका. वजनकाट्यावर नग तपासा.

दोन आठवडे तुटवडा आला नाही, तर एकच कार्ड कमी करा. मासिक प्लॅन बदलला, की हिशोब नव्याने मांडा.