रस्त्याकडेचा नारिंगी कॉसमॉस कसा ओळखावा आणि कुठे शोधावा

गणेशोत्सवापासून दिवाळीपर्यंत साताऱ्याहून यवतेश्वर घाटाने कासकडे जाताना रस्त्याच्या कडेला पिवळी-नारिंगी फुले दिसली, की अनेक जण ती सोनकीच समजतात. सोनकी ही सह्याद्रीची आपली वनस्पती. कॉसमॉस मात्र मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा, शोभेचे फूलझाड म्हणून आपल्याकडे आणलेला आणि कुंपणाबाहेर पडून रानात पसरलेला. दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातील असल्याने फुलांवरून गल्लत होते, म्हणून ओळखीची सुरुवात पानापासून करावी, असा माझा आग्रह आहे.

गाडी रस्त्यापासून दूर उभी करून एका झाडाजवळ बसावे आणि पाने खोडाला कशी लागली आहेत ते पाहावे. कॉसमॉसची पाने समोरासमोर जोडीने येतात आणि झेंडूच्या पानासारखी, पण त्याहून अधिक बारीक, दोन-तीन वेळा चिरलेली असतात. सोनकीचे पान अखंड, कडेला दातेरी असते आणि पाने एकाआड एक लागतात. फुलोऱ्याआधीचे रोप गाजरगवतासारखे वाटू शकते, परंतु कोवळ्या गाजरगवताची पाने जमिनीलगत चक्राकार पसरलेली असतात.

त्यानंतर उंची पाहावी. सोनकी साधारण गुडघ्यापर्यंत येते, तर कॉसमॉस अनुकूल जागी माणसाच्या खांद्याला लागतो. फुलाच्या कडेला बहुधा आठ रुंद पाकळ्या असतात आणि प्रत्येकीच्या टोकाला बारीक दाते दिसतात. येथे एक सावधगिरी हवी: डोंगराळ भागात पिकवल्या जाणाऱ्या कारळ्याच्या पिवळ्या फुलालाही साधारण आठच दातेरी पाकळ्या असतात. कारळ्याचे पान मात्र अखंड आणि लांबट असते, त्यामुळे शेताच्या बांधावर उभे असताना पुन्हा पानाकडेच वळावे.

शंका उरली तर बी पाहावे, कारण ती खूण सर्वांत पक्की आहे. फूल सुकल्यावर कॉसमॉसच्या देठावर काळपट, सुईसारख्या लांब बियांचा चक्राकार झुबका उभा राहतो. बीचे टोक चोचीसारखे निमुळते असून त्यावर बहुधा दोन बारीक काटे असतात. घाटात तासभर फिरून आल्यावर माझ्या मोज्यात अशा बिया रुतलेल्या सापडल्या, तेव्हा हे झाड पुढे कसे सरकत असेल याचा एक मार्ग मला हातात धरून पाहता आला. सोनकीच्या बीला पांढऱ्या मऊ केसांचा तुरा असतो आणि ते वाऱ्यावर उडते.

शोधताना मोकळ्या पठाराऐवजी उकरलेल्या जमिनीपासून आरंभ करावा: रस्त्याचा चर, नव्याने टाकलेला मुरूम, हॉटेलचे कुंपण, राडारोड्याचा ढीग. रस्तारुंदीची माती एका जागेहून दुसऱ्या जागी जाते, तिच्याबरोबर बीही जाते. तेथून आतल्या बाजूला चालत शेवटचे झाड कुठे आहे ते टिपावे. पान, फूल आणि बी यांची स्वतंत्र छायाचित्रे काढून जागा आणि तारीख नोंदवावी. कासच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, जांभ्या दगडावरील मातीचा थर पातळ आहे आणि तेथील गेंद, सीतेची आसवे यांसारखी फुले घोट्याएवढी, म्हणून उंच झाडांची दाट सावली त्यांच्याजवळ येत आहे का, हे पाहणे मला फार महत्त्वाचे वाटते. हे पठार 2012 पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळाचा भाग आहे. तेथे स्वतः काही उपटू नये, वनविभागाच्या कर्मचाऱ्यांना जागा दाखवावी.

आपल्या शेताच्या कडेला किंवा मालकाच्या परवानगीने अन्यत्र हे झाड काढायचे असल्यास बी धरण्यापूर्वी, माती ओली असताना मुळासकट उपटावे. फुलावर आलेली झाडे रस्त्यावर टाकू नयेत. पोत्यात भरून न्यावीत. झाड वर्षायू असले तरी आधी पडलेले बी मातीत राहते, म्हणून पुढच्या जूनमध्ये पहिल्या पावसानंतर त्याच जागी परत जाऊन चिरलेल्या पानांची कोवळी रोपे खुरप्याने काढावीत.