लिव्हरपूलला नवीन आलेल्यांसाठी: पबांची चालत फेरी आणि राऊंडचं गणित

दर सप्टेंबरात नवी मराठी पोरं येतात, कुणी मास्टर्सला, कुणी इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, आणि सुरुवातीचे महिने घर, काम आणि इंडियन दुकान एवढ्यातच काढतात. मग ग्रुपवर कोणीतरी विचारतंच, इथले लोक आपल्यात मिसळत का नाहीत हो? अहो, ते पबात मिसळतात, तुम्ही तिकडे फिरकतच नाही. म्हणून सांगतो, गाइडबरोबरची पबांची एक वॉकिंग टूर आल्याआल्या करून टाका. पिता की नाही याचा संबंध नाही, लेमोनेडवर अख्खी संध्याकाळ काढणारे इथलेही खूप आहेत. फक्त आठ-दहा मराठी मिळून जाऊ नका. कोपऱ्यात कोंडाळं करून पुण्यातल्या फ्लॅटचे रेटच बोलायचे असतील तर ते घरी फुकट होतं.

तिकीट काढताना ड्रिंक त्यात आहे का ते बघा, बऱ्याचदा पैसे फक्त गाइडचे असतात. वयाचा पुरावा जवळ ठेवा, पंचविशीच्या आतले दिसलात की विचारणारच.

आता राऊंड. हे नीट वाचा, कारण दरवर्षी कोणीतरी यातच नाव घालवून बसतं. पबात टेबलावर वेटरची वाट बघत बसू नका, बारवर जाऊन सांगायचं आणि तिथेच पैसे द्यायचे. चारजण असले की एकजण चौघांचं आणतो, पुढच्या वेळी दुसरा. तुम्ही एक जरी ग्लास दुसऱ्याच्या पैशाने घेतलात की तुम्ही त्या राऊंडमध्ये आलात, मग तुमचा ज्यूस असो नाहीतर पाणी घातलेलं सरबत. आपल्यातला एकजण ऑफिसच्या लोकांबरोबर गेला, तीन राऊंड प्यायला आणि स्वतःची पाळी आली तशी ‘बायको वाट बघतेय’ म्हणून सटकला. तोंडावर कोणी काही बोललं नाही, इथे बोलत नाहीतच, पण पुढे त्याला कोणी बोलावलंही नाही. त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्या दिवशी खर्च वाटून घ्यायच्या स्प्लिटवाइज ॲपवर हिशोब टाकणारे, कृपा करून हे करू नका! झेपणार नसेल तर पहिल्याच पबात सांगायचं, मी माझं माझं घेतो. कोणालाही राग येत नाही. आणि दहाजणांच्या राऊंडमध्ये तर अजिबात शिरू नका, तुमची पाळी येईल तेव्हा आठवड्याच्या किराण्याचे पैसे एका फटक्यात जातील.

रस्ता म्हणाल तर मी गोदीकडून सुरू करतो. वापिंगवरचा बाल्टिक फ्लीट, इमारतच जहाजाच्या पुढच्या टोकासारखी निमुळती, जवळच 1846 साली उघडलेला अल्बर्ट डॉक. मग चढ चढून रॉस्को हेड, छोट्या छोट्या खोल्यांचा पब, कास्क एल, म्हणजे पिंपातच मुरलेली बिअर, पिणाऱ्यांची पंढरी. बिअर कोमट आहे म्हणून परत करू नका, ती तळघरातल्या गारव्याचीच असते, आपल्यासारखी चिल्ड नाही. शाकाहाऱ्यांनी मात्र विचारून घ्या, कास्कची बिअर नितळ करायला बरेचजण अजून माशाच्या पोटातल्या पिशवीपासून केलेला पदार्थ वापरतात. व्हिस्कीवाल्यांनो, इथला सिंगल पेग बहुतेक 25 मिलीचा, आपल्या 30 च्या स्मॉलपेक्षाही कमी, त्यामुळे बारमनने फसवलं असं समजू नका.

पुढे राइस स्ट्रीटवर ये क्रॅक, जॉन लेनन आर्ट कॉलेजात असताना इथे पडीक असायचा. गाइड यावर फार वेळ घालवतात, मला बीटल्सचा आता कंटाळा आलाय. पण कोपऱ्यावरून वळून होप स्ट्रीटवर फिलहार्मोनिकला आलात की जरा थांबा. 1900 च्या सुमारास बांधलेला, बाहेर वेलबुट्टीच्या आर्ट नुव्हो शैलीचं लोखंडी गेट, आत तांब्याचं आणि लाकडाचं काम एखाद्या वाड्यासारखं. 2020 मध्ये याला ग्रेड वन, म्हणजे वारसा इमारतींचा सर्वांत वरचा दर्जा मिळाला. पुरुषांच्या मुतारीतला गुलाबी संगमरवर बघायला बायकाही जातात, बारवर विचारून, आत कोणी नाही ना बघून.

गप्पा कसल्याही मारा, पण ‘द सन’ पेपर हातात घेऊन पबात शिरू नका. 1989 मध्ये शेफील्डच्या हिल्सबरो स्टेडियममध्ये लिव्हरपूलच्या फुटबॉल मॅचला झालेल्या चेंगराचेंगरीत लिव्हरपूलचे 97 चाहते गेले आणि या पेपरने दोष चाहत्यांच्याच माथी मारला, धादांत खोटं. इथे घराघरात कोणी ना कोणी त्या मॅचला गेलेलं असतं. यावर विनोद तर सोडाच, ‘नक्की काय झालं होतं’ असंही पहिल्या भेटीत विचारू नका. रेड की ब्लू, म्हणजे लिव्हरपूल क्लबचे की एव्हर्टनचे, हे विचारलं तर चालेल, त्यावर तासभर निघतो.

खायचं आधी उरकून घ्या, बऱ्याच पबांचं किचन लवकर बंद होतं. मेन्यूत ब्लाइंड स्काउस दिसलं तर मागवा, स्काउस म्हणजे इथला रस्सा, ब्लाइंड म्हणजे बिनमटणाचा, बटाटा-गाजराचा, बरोबर लाल कोबीचं लोणचं. पोर्क स्क्रॅचिंग्जचं, म्हणजे डुकराच्या तळलेल्या कातडीचं, पाकीट चिप्स समजून फोडणारे दरवर्षी भेटतात.

शेवट एजर्टन स्ट्रीटवरच्या पीटर कॅव्हानाजला, भिंतींवर जुनी चित्रं आणि छताला काय काय टांगलेलं. तिथून बस किंवा टॅक्सी. गाडी घरीच ठेवा, ड्रिंक ड्रायव्हिंगमध्ये दोषी ठरलात की लायसन्स कमीत कमी बारा महिने जातं आणि ते व्हिसाच्या फॉर्मवरही लिहावं लागतं.