चूक आणि परिणाम यांची गाठ: लहान मुलांना शिक्षेविना शिस्त कशी लावावी

मुलाने भिंतीवर रंगीत खडूने रेघोट्या मारल्या म्हणून संध्याकाळचं कार्टून बंद केलं, तर त्याला एवढंच कळतं की घरातले चिडलेत. तेच खडू उचलून वर ठेवले, ओला फडका हातात दिला आणि "चल, भिंत पुसू या" म्हटलं, तर खडू कागदावरच चालतात हे त्याच्या डोक्यात शिरतं. भिंत पूर्ण स्वच्छ झाली नाही तरी चालेल. चूक आणि परिणाम यांची गाठ मुलाला स्वतःला दिसली पाहिजे, बाकी सगळं त्यानंतर. मानसोपचारतज्ज्ञ रुडॉल्फ ड्रायकर्स यांनी गेल्या शतकात पालकांसाठी मांडलेला हा विचार आजही तितकाच उपयोगी आहे.

काही परिणाम आपोआप घडतात. बाहुली पावसात विसरली की भिजते, पेनाचं टोपण लावलं नाही की शाई सुकते. तिथे मोठ्यांनी काहीच करायचं नसतं. "सांगत होते ना मी!" हेसुद्धा म्हणू नका. ते ऐकलं की मुलाचं लक्ष भिजलेल्या बाहुलीवरून उडतं आणि तुमच्याशी वाद घालण्याकडे वळतं. मात्र जिथे धोका आहे (रस्ता, शेगडी, खोल पाणी), जिथे दुसऱ्याला इजा होते, किंवा जिथे परिणाम फार उशिरा दिसतो, उदाहरणार्थ दात किडणं, तिथे वाट पाहून चालत नाही. अशा वेळी परिणाम आपण ठरवायचा.

तो ठरवताना वय आधी पाहा. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला "असं केलंस म्हणून तसं झालं" ही साखळी पुरती लागत नाही. त्याच्यासमोरून वस्तू उचला, दुसरं काही हातात द्या, जागा बदला. दोन-तीन वर्षांच्या मुलासाठी परिणाम त्याच क्षणी झाला पाहिजे आणि काही मिनिटांतच संपला पाहिजे. चार-पाच वर्षांच्या मुलाची वस्तू फार तर संध्याकाळपर्यंत किंवा दुसऱ्या सकाळपर्यंत बाजूला ठेवावी. सहा-सात वर्षांच्या मुलाला परिणाम ठरवण्यात सामील करून घ्या. स्वतः कबूल केलेला नियम मुलं जास्त पाळतात. आठवडाभर खेळणं जप्त करण्याने काही साधत नाही. दोन दिवसांत कारण विसरलं जातं, राग तेवढा उरतो.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते पाहू. चार वर्षांची मुलगी लाकडी ठोकळे भावाच्या दिशेने फेकते आहे. लांबून हाका मारू नका. हाताच्या अंतरावर जा, गुडघ्यावर बसा, तिच्या डोळ्यांच्या पातळीवर या आणि एकच वाक्य बोला: "ठोकळे रचायचे असतात. पुन्हा फेकलेस तर मी उचलून ठेवणार." "फेकणं थांबवतेस का?" असं विचारू नका, प्रश्नाला "नाही" हे उत्तर देता येतं. मग मनात सावकाश दहापर्यंत मोजा, कारण ऐकलेलं समजून हात थांबवायला या वयात वेळ लागतो. थांबली तर "ठोकळा खाली ठेवलास, छान" म्हणा. पुन्हा फेकला तर दुसरी ताकीद नाही, आवाज चढवणं नाही. ठोकळे उचला: "आत्ता ठोकळे बंद. दुपारी परत मिळतील." ती रडेल. रडू द्या, जवळ बसा, हवं तर कुशीत घ्या. फक्त ठोकळे देऊ नका. आणि दुपारी आठवणीने, तिने मागायच्या आधी, ते परत द्या. ही दुसरी संधी बहुतेक घरांत राहून जाते, आणि नीट वागून दाखवायची जागाच मुलाला मिळत नाही.

भावाला लागलं असेल तर "सॉरी म्हण" असा तगादा लावू नका. त्याच्यासाठी गार फडका आणायला सांगा. बिघडलेलं सावरायला हात लावणं हाही परिणामच आहे, आणि तोंडदेखल्या माफीपेक्षा तो खूप खोलवर पोचतो.

काही गोष्टींना हात लावायचा नाही: जेवण, झोप, जवळ घेणं, उशाशी लागणारं लाडकं खेळणं. मारणं आणि अपमान करून ओरडणं तर नाहीच. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये पालकांना हेच स्पष्ट सांगितलं. चुकून सांडलेल्या पाण्यालाही शिक्षा नसते, फक्त फडका असतो. मूल भुकेलं किंवा पेंगुळलेलं असेल तर आधी ते पाहा. आणि आकांडतांडव ऐन भरात असताना काहीही शिकवायला जाऊ नका. तेव्हा कानावर पडलेलं आत पोचत नाही. शांत झाल्यावर दोन वाक्यं पुरतात.

बिनसतं कुठे? बहुतेक वेळा धमकीत. "आता घरी जाऊ हं" असं पाचदा म्हणून आपण बागेतच बसून राहतो, आणि मूल शिकतं की सहाव्यांदाही काही होणार नाही. म्हणून जे करायची तयारी आहे तेवढंच बोला. दुसरं कारण म्हणजे घरातल्या एकाने ठेवलेली वस्तू दुसऱ्याने गुपचूप काढून देणं. दोन-तीन मोजके नियम सगळ्यांनी मिळून ठरवा, जास्त नकोत. तिसरी अडचण बऱ्याच जणांना माहीत नसते: नवा नियम लावल्यावर पहिले काही दिवस वागणं आणखी बिघडतं. पूर्वी रडून मिळत होतं, म्हणून मूल आता जास्त जोर लावून पाहतं. नेमकं त्या वेळी हार मानली तर जास्त जोराने रडलं की मिळतं, हा धडा पक्का होतो.

आणि रागाच्या भरात "महिनाभर टीव्ही बंद!" असं तोंडातून निघून गेलंच, तर ते रेटत बसू नका. थोड्या वेळाने सरळ सांगा, "मी रागात जास्त बोलले. टीव्ही फक्त आज बंद. उद्या कार्टून संपलं की तू स्वतः बंद करायचास." मग दुसऱ्या दिवशी कार्टून संपायच्या पाच मिनिटं आधी एकदा आठवण करा आणि रिमोट त्याच्या हातात द्या.