दुबईत नवीन आलेल्या आपल्या ख्रिस्ती बंधुभगिनींसाठी

सलाम. नगर, पुणे, वसईकडून नोकरीसाठी इथे येणाऱ्यांना पहिले सांगणे हे, की पहिल्याच महिन्यात मंडळी, म्हणजे चर्च, धरा. ‘एमिरेट्स आयडी (इथले ओळखपत्र) होऊ दे, मग बघू’ म्हणणारे वर्षभर मोबाइलवर उपासना ऐकतात आणि अडचण आली की हाक मारायला कोणी नसते.

मेट्रोच्या ग्रीन लाइनने औद मेथा स्टेशनला उतरा. होली ट्रिनिटी चर्च आणि कॅथलिकांचे सेंट मेरीज चर्च, दोन्ही त्याच भागात आहेत. होली ट्रिनिटीच्या आवारात अनेक भाषांच्या मंडळ्या आपापल्या वेळेला जमतात, म्हणून वेळ आधी विचारा. 2022 पासून सुट्टी शनिवार-रविवार झाली, तरी शुक्रवारची उपासनाही बऱ्याच ठिकाणी असते. बाप्तिस्म्याचा आणि सभासदत्वाचा दाखला गावाहूनच आणा. परवानगीशिवाय वर्गणी गोळा करू नका, इथे तो गुन्हा आहे.

आता नोकरी जाण्याबद्दल. आपली माणसे लाजेपोटी महिना-महिना कोणाला कळू देत नाहीत. ‘देव पाहील’ म्हणत बसतात आणि हक्काचे पैसे घालवतात. बेकारी विम्याचा, म्हणजे आयएलओईचा, दावा नोकरी गेल्यापासून 30 दिवसांत करावा लागतो. सलग 12 महिने हप्ते भरलेले असले, तर मूळ पगाराच्या 60 टक्के रक्कम ठरावीक मर्यादेत जास्तीत जास्त तीन महिने मिळते. राजीनामा दिला असेल तर काहीच मिळत नाही. कंपनी काढतेय आणि वर राजीनाम्यावर सही मागतेय, तर सही करू नका. कितीही गोड बोलले तरी करू नका. त्याच संध्याकाळी पाळकसाहेबांना फोन करा.

अशा वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर यिर्मया 29:11, म्हणजे देवाचे तुमच्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत हे वचन, हमखास येते. ते एकटे वाचू नका. ते बाबेलात बंदी करून नेलेल्या लोकांना लिहिलेले पत्र आहे. आधीच्या दहाव्या वचनात सत्तर वर्षांची मुदत आहे आणि पाचव्यापासून कामे सांगितली आहेत: घरे बांधा, मळे लावा, ज्या नगरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. परक्या मुलखातला विश्वास असाच रोजच्या कामातून टिकतो. लवकर सुटकेची हमी देणाऱ्या प्रचारकांपासून दूर राहा.

प्रार्थनेला शब्द सुचेनात तेव्हा स्तोत्र 13 मोठ्याने वाचा. सहाच वचने आहेत आणि सुरुवात तक्रारीने होते. स्तोत्र 88 तर अंधारातच संपते, तेही पवित्र शास्त्रात आहे. देवापुढे खोटे हसू आणायची गरज नाही. दोन आठवडे झोप लागली नाही, तर डॉक्टरकडेही जा. औषध घेतल्याने विश्वास कमी होत नाही.