काजव्यांच्या हंगामात गावाने पर्यटक कसे सांभाळावेत

मे महिना संपत आला, वळवाच्या एखाद-दोन सरी पडून गेल्या, की भंडारदऱ्याच्या आसपासचे हिरडे, बेहडे, सादडे, जांभळी रात्री लखलखू लागतात. घाटघर, साम्रद, रतनवाडी, पुरुषवाडी आणि तिकडे लोणावळ्याजवळची राजमाची, सगळीकडे शनिवारी संध्याकाळी मुंबई-पुणे-नाशिकच्या गाड्यांची रांग लागते. जूनच्या मध्याला पाऊस धरला की सगळे आटोपते. तीन-चार आठवड्यांची ही कमाई गावाला हवीच असते, पण त्याच दिवसांत काजव्यांचे मीलनही चाललेले असते.

पुढचे टप्पे ग्रामसभा, वन समिती, होमस्टे चालवणारी कुटुंबे आणि ग्रुप घेऊन जाणारे आयोजक यांच्यासाठी आहेत. सुरुवातीलाच एक सांगतो. ‘शहरातल्या लोकांना अक्कल नाही’ एवढे म्हणून भागत नाही. नासधूस करायची म्हणून येणारे थोडे असतात. बाकीच्यांना काय करायचे ते कोणी वेळेवर सांगितलेले नसते, किंवा सांगितलेले असूनही तसे वागायची सोय नसते. या दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी गावाच्या हातात आहेत.

१. आधी आकडा ठरवा

किती माणसे झेपतील, याचे उत्तर जंगलाआधी विहिरीवर मिळते. हा हंगाम नेमका टंचाईत येतो. ज्या आठवड्यात गावातल्या बायका दोन हंड्यांसाठी खेपा घालत असतात, त्याच आठवड्यात पाहुण्यांना आंघोळीला गरम पाणी हवे असते. एका घरी मुक्कामाला आलेल्या माणसांना पिण्याला, संडासला, आंघोळीला, भांड्यांना मिळून किती पाणी लागले ते एकदा खरोखर मोजा. मग संडास किती, गाड्या लावायला जागा किती आणि झाडांपर्यंतच्या पायवाटेवर एका वेळी किती माणसे गर्दी न होता उभी राहतील, हे तीन आकडे काढा. चारांतला सर्वांत लहान आकडा तो तुमचा. वाहनतळात दोनशे माणसांच्या गाड्या मावत असतील, पण पाणी साठ जणांपुरतेच असेल, तर साठच.

आकडा ठरला की बुकिंग आधीच घ्या आणि भरले की थांबा. सातारच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला तीन हजारांची मर्यादा आणि ऑनलाइन बुकिंग असा मार्ग काढला गेला. गाव लहान असेल तर एक वही आणि एक मोबाइल पुरतो. मात्र वही एकाच माणसाकडे हवी. प्रत्येक घराने आपापले बुकिंग घेतले तर आकड्याला अर्थ उरत नाही.

२. नियम ग्रामसभेत, वनखात्याला सोबत घेऊन

भंडारदऱ्याचा बराचसा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. तिथे प्रवेश, वेळ आणि शुल्क वनखाते ठरवते, त्यामुळे वनरक्षकाला पहिल्या बैठकीपासून बसवा. नियम पाच-सहाच ठेवा. वीस नियमांचा फलक कोणी वाचत नाही.

३. गाडी गावाच्या वेशीवर थांबवा

सगळ्यांत जास्त फरक पडतो तो इथे. नर काजवा उडताना ठरावीक लयीत चमकतो, खाली गवतात किंवा झुडपात बसलेली मादी उत्तर देते, आणि त्या खुणेवर दोघे एकमेकांना सापडतात. मोठा दिवा लागला की ही खूण दिसेनाशी होते. झाडाखाली वळणाऱ्या एका गाडीचे हेडलाइट डझनभर टॉर्चपेक्षा वाईट.

म्हणून वाहनतळ झाडांपासून लांब, शक्यतो टेकाडाच्या किंवा घरांच्या आडोशाला करा. अंधार पडल्यावर पुढे गाडी सोडू नका, मग ती सरपंचांच्या पाहुण्यांची का असेना. पहिल्याच शनिवारी अशी एक गाडी पुढे गेली की मागच्या चाळीस जणांना अडवायला तुमच्याकडे तोंड उरत नाही. पुढचे अंतर चालत. ज्येष्ठांसाठी अंधार पडण्याआधी सोडणारी गावातलीच एखादी जीप ठेवा.

टॉर्च लागणारच, वाट दगडधोंड्यांची असते, विंचू-सापही असतात. टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटीन कागदाचे दोन-तीन पदर लावा आणि वर रबर बांधा. लाल उजेडाचा काजव्यांना त्रास कमी होतो. वाहनतळावरच हे कागद वाटा. घरून आणायला सांगितले तर कोणी आणत नाही.

४. सांगायचे ते योग्य वेळी, योग्य शब्दांत

अमेरिकेतल्या ॲरिझोनात पेट्रिफाइड फॉरेस्ट नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. तिथले पर्यटक दगड झालेल्या प्राचीन लाकडाचे तुकडे खिशात घालून नेत. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाटेवर खुणा केलेले तुकडे ठेवले आणि वेगवेगळे फलक लावून पाहिले. ‘अनेक जण लाकूड नेतात, त्यामुळे उद्यानाचे रूप बदलते आहे’ अशा अर्थाचा फलक होता तेव्हा सुमारे ८ टक्के तुकडे गेले. ‘कृपया नेऊ नका’ एवढेच लिहिले तेव्हा २ टक्क्यांच्या आत. सगळेच नेतात म्हटल्यावर आपण एक नेला तर काय बिघडले, असा हा हिशेब.

आपल्याकडचे फलक नेमकी हीच चूक करतात. ‘पर्यटकांनी केलेला कचरा पाहा’ असे फोटो लावून आपण कचरा करणे ही इथली रीत आहे असेच सांगत असतो.

त्यापेक्षा बुकिंग झाल्याबरोबर व्हॉट्सॲपवर असा निरोप पाठवा, आणि निघायच्या दिवशी सकाळी पुन्हा:

‘नमस्कार. शनिवारी तुमची वाट पाहतो. उजेडी पोहोचा, अंधार पडल्यावर गाडी वाहनतळापुढे सोडत नाही. पायात बूट असू द्या, मळलेली वाट सोडू नका. काजव्यांच्या अळ्या पालापाचोळ्यात आणि ओल्या मातीतच वाढतात. झाडापाशी फ्लॅश आणि टॉर्च बंद. साध्या मोबाइलवर काजवे नीट येत नाहीत, तेव्हा तो खिशातच बरा. पाण्याची बाटली घरून आणा, इथे माठातले पाणी भरून मिळेल.’

मोबाइलचे वाक्य गाळू नका. समाजमाध्यमांवर गाजणारे काजव्यांचे फोटो बहुधा स्टँडवर कॅमेरा लावून, शटर बराच वेळ उघडे ठेवून घेतलेले अनेक फोटो एकावर एक चढवून केलेले असतात. हे माहीत नसलेला माणूस फोटो काळा आला की चिडून फ्लॅश मारतो.

५. वाटाड्या गावातलाच

दहा-बारा जणांमागे एक. तो राखणदार नाही, यजमान आहे, हे त्याला नीट समजावा. झाडापाशी पोहोचल्यावर त्याने सगळ्यांना पाच मिनिटे गप्प उभे करावे. अंधाराला डोळे सरावले की काजवे आपोआप जास्त दिसू लागतात, आणि मग टॉर्च लावणाऱ्याला बाकीचेच गप्प करतात. दारू पिऊन आलेल्यांशी मात्र वाटाड्याने एकट्याने वाद घालू नये. त्यांना वाहनतळावरच थांबवायचे, तिथे चार-पाच जण हवेत आणि पोलीस ठाण्याचा नंबर हाताशी.

६. बाटलीवर अनामत

तमिळनाडूने २०२२ साली निलगिरी जिल्ह्यात सरकारी दुकानांतल्या दारूच्या बाटलीवर १० रुपये जादा घेऊन रिकामी बाटली परत दिली की ते परत द्यायला सुरुवात केली. हीच युक्ती गावात सहज जमते. वाहनतळावर प्लास्टिकच्या बाटल्या आणि पाकिटे मोजा, प्रत्येकी १० रुपये अनामत घ्या, परतताना दाखवली की पैसे परत. जो परत आणत नाही त्याची उचलायला गावातली पोरे जातातच. जेवण स्टीलच्या ताटात किंवा पत्रावळीवर द्या.

७. पैशाचा हिशेब भिंतीवर

शुल्क घेतले की पावती द्या. दर सोमवारी जमा किती, वाटाड्यांना किती, सफाईला किती, पाण्याच्या टाकीसाठी बाजूला किती, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने लिहा. ज्या घरी होमस्टे नाही, त्या घराचेही या पैशात काही असायला हवे: भाकऱ्या थापायचे काम, जीप, नाहीतर टाकीचे पाणी. तसे नसेल तर पुढच्या हंगामात नियम मोडणारे आधी गावातूनच निघतील.

८. पावसाळ्यात पुन्हा बसा

हंगामात दर आठवड्याला त्याच पाच झाडांपाशी, त्याच वेळी उभे राहून काजवे भरपूर, बरे की तुरळक, एवढे तरी वहीत टिपून ठेवा. कासला गर्दी आवरायला घातलेले तारेचे कुंपण पुढे काढावे लागले. गुरांची चराई थांबून गवत माजले आणि फुले कमी झाली, अशी तक्रार होती. चांगल्या हेतूने केलेला नियमही तपासावा लागतो. आवणी, म्हणजे भाताची लावणी, आटोपली की ती वही, पाण्याचा हिशेब आणि पाहुण्यांच्या तक्रारी घेऊन समितीने बसावे, पुढच्या वर्षीचा आकडा तिथेच ठरवावा आणि बुकिंग सुरू होण्याआधी तो फळ्यावर लावावा.