'स्ट्रेंज' म्हणजे विचित्र, पण दर वेळी नाही: या चुका टाळा

संक्रांत झाली की आमच्या क्लासमध्ये गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या, यात्रेवर इंग्रजी निबंध ठरलेला. सात नंदीध्वज, अक्षता सोहळा, सगळं पोरं नीट लिहितात. मग ते वाक्य येतंच: 'मेनी स्ट्रेंज पीपल कम टू गड्डा.' पोराला म्हणायचं असतं, अनोळखी लोक येतात. वाचणाऱ्याला वाटतं, सोलापुरात विक्षिप्तांचा मेळा भरतो! हटकलं की उत्तर तयार: "सर, स्ट्रेंजर म्हणजे अनोळखी, मग स्ट्रेंज पण तेच की!"

पोरगं अगदीच चुकलेलं नाही. या शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे आणि तिथे अर्थ होता बाहेरचा, परका. तो अर्थ अजून टिकून आहे, म्हणून 'अ स्ट्रेंज सिटी' हे अनोळखी शहरही असू शकतं. गोची होते ती माणसांपाशी. माणसाला स्ट्रेंज म्हटलं की बहुधा त्याच्या वागण्याला नाव ठेवलं जातं. ओळख नाही एवढंच सांगायचं असेल तर 'स्ट्रेंजर' हे नाम वापरा.

जेवताना तर हा शब्द तोंडातून काढूच नका. नोकरीसाठी बेंगळुरूला गेलात, कुणी प्रेमाने डबा पुढे केला आणि तुम्ही म्हणालात, 'इट टेस्ट्स स्ट्रेंज,' तर समोरच्याला वाटेल भाजी आंबली. चवीची सवय नाही एवढंच असेल तर 'इट्स न्यू टू मी' पुरे.

'पिक्युलियर' म्हणजेही विचित्र, पण त्याची गंमत वेगळीच. 'दिस डिझाइन इज पिक्युलियर टू सोलापूर' म्हणजे हे डिझाइन खास सोलापूरचंच. पण 'टू सोलापूर' गाळून नुसतं 'पिक्युलियर डिझाइन' म्हणालात, तर चादरीची तारीफ करता करता तिलाच नावं ठेवाल.

'मला ऑड वाटलं' असं आपण मराठीत सर्रास म्हणतो, तेव्हा मनात संकोच असतो. इंग्रजीत त्याला 'ऑकवर्ड' म्हणा. 'ऑड'चा एक अर्थ विषम संख्या, हे गणितात शिकलेलंच आहे. 'अ‍ॅट ऑड अवर्स' म्हणजे मात्र अवेळी; एक, तीन, पाच वाजता नव्हे. (हे उत्तर मला खरंच मिळालंय.)

राहिला 'वीअर्ड'. बोलण्यात ठीक, अर्जात नको. स्पेलिंगमध्ये 'आय' आधी की 'ई', यावर निम्मा वर्ग घसरतो. आधी डब्ल्यू-ई, म्हणजे 'वुई', लिहा आणि मग आय-आर-डी जोडा.