लायसन्स सर्व्हरला ऑफिसचे पीसी कसे जोडायचे

ठाण्यात वागळे इस्टेटला नाहीतर नवी मुंबईत महापे, रबाळे पट्ट्यात जी छोटी डिझाइन ऑफिसं आहेत, तिथे साधारण एकच चित्र दिसतं, माणसं दहा-बारा आणि महागड्या सॉफ्टवेअरच्या सीट, म्हणजे एका वेळी वापरायच्या परवानग्या, चार-पाच. अशा वेळी नेटवर्क लायसन्स घेतात. सॉफ्टवेअर प्रत्येकाच्या पीसीवरच चालतं, फक्त उघडताना ते सर्व्हरला विचारतं की सीट मोकळी आहे का, असेल तर सर्व्हर देतो आणि बंद केलं की परत घेतो. तुमची ड्रॉइंग फाइल त्या सर्व्हरकडे जातच नाही, त्यामुळे भारी मशीन लागत नाही, साधा जुना पीसीसुद्धा चालतो, पण तो कायम चालू हवा आणि यूपीएसवर हवा. कोणाच्या तरी रोजच्या लॅपटॉपवर हे बसवू नका. तो माणूस लॅपटॉप उचलून साइटवर गेला की अख्खं ऑफिस थांबतं.

खाली मी फ्लेक्सनेट पद्धतीचा सर्व्हर धरून सांगतोय, ज्याला जुने लोक अजून फ्लेक्सएलएमच म्हणतात. ऑटोडेस्कची जुनी नेटवर्क लायसन्स, अँसिस, मॅटलॅब ही सगळी त्यावरच चालतात.

आधी सर्व्हर नीट करायचा, क्लायंटला, म्हणजे सॉफ्टवेअर चालणाऱ्या पीसीला, तोपर्यंत हातही लावायचा नाही. लायसन्स फाइल नोटपॅडमध्ये उघडा. वरच्या सर्व्हर या ओळीत तीन गोष्टी असतात, मशीनचं नाव, होस्ट आयडी म्हणजे बहुतेक वेळा नेटवर्क कार्डचा मॅक ॲड्रेस (कार्डाचा ओळख नंबर), आणि पोर्ट नंबर, म्हणजे ज्या नंबरच्या दारातून बाकीचे पीसी त्या प्रोग्रामशी बोलतात तो. नाव आणि पोर्ट तुम्ही बदलू शकता, मॅक बदलला की फाइल बाद. खालच्या फीचर आणि इन्क्रिमेंटच्या ओळींनाही हात लावायचा नाही, त्यावर सही असते. मॅक देताना मदरबोर्डवरच्या वायरच्या लॅन कार्डचाच द्या, वायफायचा नको, यूएसबी ॲडॉप्टरचा तर अजिबात नको, कारण तो कोणीतरी काढून दुसरीकडे लावणारच. आणि सर्व्हरचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, राउटरमध्ये रिझर्व्ह करून घ्या.

आता पोर्ट, आणि हा भाग जरा सावकाश वाचा कारण इंस्टॉलेशन अडकतं ते जास्त करून इथेच. सर्व्हरवर दोन प्रोग्राम चालत असतात, एक मुख्य मॅनेजर आणि दुसरा त्या कंपनीचा स्वतःचा, ज्याला व्हेंडर डीमन म्हणतात. क्लायंट आधी मॅनेजरशी बोलतो, त्याचा पोर्ट नेहमीचा २७०००, फाइलमध्ये काहीच लिहिलं नसेल तर २७००० ते २७००९ मधला जो मोकळा असेल तो. मॅनेजर त्याला सांगतो की आता व्हेंडर डीमनकडे जा, अमुक पोर्टवर बसलाय. हा दुसरा पोर्ट तुम्ही ठरवून दिला नसेल तर सर्व्हिस चालू होताना तो कुठलाही घेतला जातो. म्हणून होतं असं की पहिल्या दिवशी सगळं झकास चालतं, मग एका शुक्रवारी लाइट जाते, सर्व्हर परत सुरू होतो, डीमन वेगळ्या पोर्टवर बसतो, फायरवॉल त्याला अडवते आणि सोमवारी सकाळी कोणालाच सीट मिळत नाही, वर सगळे म्हणतात काहीच तर बदललं नव्हतं. उपाय एका ओळीचा आहे. व्हेंडरच्या ओळीच्या शेवटी पोर्ट, बरोबरचं चिन्ह आणि नंबर लिहा, ऑटोडेस्कवाले २०८० वापरतात, दुसऱ्यांसाठी कुठलाही मोकळा नंबर चालेल. मग विंडोज फायरवॉलमध्ये हे दोन्ही पोर्ट इनबाउंड टीसीपीमध्ये उघडा. आणि सर्व्हिस पूर्ण बंद करून परत चालू करा, एलएमटूल्स या सर्व्हर सांभाळायच्या प्रोग्राममध्ये नुसतं रीरीड दाबून पोर्ट बदलत नाही.

एलएमटूल्समध्ये कॉन्फिग सर्व्हिसेसच्या टॅबवर यूज सर्व्हिसेस आणि स्टार्ट सर्व्हर ॲट पॉवर अप या दोन्ही टिका हव्यातच, म्हणजे लाइट येऊन मशीन चालू झालं की कोणी लॉगिन करायची वाट बघावी लागत नाही. तिथेच लॉग फाइलचा पाथही द्या, पुढे फार कामाला येते.

आता क्लायंट. एकच पीसी निवडा, तो पूर्ण चालेपर्यंत दुसरा घेऊ नका. आधी सर्व्हर सापडतो का हे बघायला त्याच्या नावाने पिंग कमांड चालवा, आयपीने नाही, नावाने. नाव सापडत नसेल तर विंडोजच्या होस्ट्स फाइलमध्ये आयपी आणि नाव लिहून टाका. मग पॉवरशेलमधल्या टेस्ट-नेटकनेक्शन कमांडने दोन्ही पोर्ट तपासा. पिंग चालतंय म्हणजे पोर्ट उघडा आहे असं नसतं, हे दोन वेगळे आहेत.

दोन्ही पोर्ट लागले की एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे विंडोजमधली ती नोंद जी वाचून सॉफ्टवेअरला सर्व्हर कुठे आहे ते कळतं. सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये जाऊन सिस्टिमच्या खान्यात नवीन बनवा, यूजरच्या खान्यात नको, नाहीतर त्याच पीसीवर संध्याकाळच्या शिफ्टचा मुलगा लॉगिन करेल तेव्हा त्याला लायसन्स दिसणार नाही. नाव कंपनीप्रमाणे वेगळं असतं. ऑटोडेस्कसाठी एडीएसकेफ्लेक्स अंडरस्कोर लायसन्स अंडरस्कोर फाइल, अँसिससाठी सुरुवातीला एएनएसवायएसएलएमडी, मॅटलॅबसाठी एमएलएम, पुढचं तेच. व्हॅल्यूच्या खान्यात पोर्ट, ॲटचं चिन्ह, सर्व्हरचं नाव, मध्ये स्पेस न देता. इथे फक्त मॅनेजरचा पोर्ट द्यायचा, दुसरा क्लायंट स्वतः विचारून घेतो. अँसिसचा मॅनेजर नेहमी १०५५ वर असतो, तिथे २७००० टाकून बसू नका. नुसत्या एलएमने सुरू होणारं एक सगळ्यांना लागू पडणारं व्हेरिएबल पण आहे, पण ते टाळा, प्रत्येक फ्लेक्सनेट सॉफ्टवेअर ते वाचतं आणि चुकीच्या सर्व्हरकडे विचारत बसतं, उघडायला उगाच वेळ लागतो.

सॉफ्टवेअर बंद करून परत उघडा. मग सर्व्हरवर एलएमस्टॅट मायनस ए ही कमांड चालवा, किती सीट आहेत आणि कोणत्या पीसीने घेतल्यात ते नावानिशी दिसतं. तुमच्या पीसीचं नाव आलं की उरलेले पीसी घ्या.

नाही चालत? एररचा नंबर बघा, नुसता मेसेजचा फोटो पाठवू नका. मायनस १५ म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचताच आलं नाही, सर्व्हिस बंद आहे किंवा पोर्ट चुकलाय. मायनस ९६ ला नाव आणि फायरवॉल तपासा. मायनस ९७ म्हणजे मॅनेजर चालू पण व्हेंडर डीमन पडलाय. मायनस ५ म्हणजे त्या फीचरचं लायसन्स फाइलमध्येच नाही, बऱ्याचदा व्हर्जन नवं आणि फाइल जुनी असते. मायनस ४ म्हणजे जोडणी अगदी ठीक आहे, सीट संपल्यात. आणि ऑफिसने सर्व्हर बदलला तरी क्लायंट जुन्यालाच शोधत असेल तर त्या पीसीवर विंडोजच्या रजिस्ट्रीत फ्लेक्सएलएम लायसन्स मॅनेजर नावाच्या की मध्ये जुना पत्ता राहिलेला असतो, तो काढा.

सीट संपण्याचं मोठं कारण म्हणजे सॉफ्टवेअर उघडं ठेवून जेवायला जाणारी माणसं. सर्व्हरवर व्हेंडर डीमनच्या सेटिंगची ऑप्शन्स फाइल असते, तिच्यात टाइमआउटऑल आणि पुढे सेकंद लिहिले, समजा ३६००, की तासभर रिकामी पडलेली सीट परत येते, सॉफ्टवेअरचा त्याला सपोर्ट असेल तर. हे लावण्याआधी सगळ्यांना सांगा, काम करणाऱ्याला अचानक धक्का बसू नये.

पावसात लोकल बंद पडली की डोंबिवली, बदलापूरचे लोक घरून व्हीपीएनवर, म्हणजे इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कला सुरक्षितपणे जोडून, येतात तेव्हा अजून एक अडचण येते. क्लायंट उत्तराची फार थोडा वेळ वाट बघतो, व्हीपीएनवर तेवढं पुरत नाही. फ्लेक्सएलएम अंडरस्कोर टाइमआउट नावाचं व्हेरिएबल बनवून त्यात १०००००० टाका, हा आकडा मायक्रोसेकंदात आहे म्हणजे एक सेकंद, कमी पडला तर वाढवा. पण व्हीपीएन नको म्हणून राउटरवर हे पोर्ट थेट इंटरनेटला उघडायचे, हे कोणी कितीही सुचवलं तरी करू नका. तुमचा सर्व्हर जगाला दिसायला लागतो आणि सीटही बाहेरचे नेतात. रोज घरूनच काम करणाऱ्यासाठी बॉरोची सोय आहे का ते विक्रेत्याला विचारा, त्यात काही दिवसांपुरती सीट त्या लॅपटॉपवर उचलून देता येते.

एवढं करूनही अडलं तर सपोर्टला फोन करायच्या आधी तीन गोष्टी हाताशी ठेवा, एरर नंबर, सर्व्हरची लॉग फाइल आणि एलएमस्टॅटचं आउटपुट, त्यातला मॅक आणि सिरियल नंबर ग्रुपवर न टाकता मेलनेच पाठवा.